पात्र आणि अपात्र

आपल्या शाळेच्या कार्यालयासमोरील काचेच्या कपाटात क्रीडास्पर्धांच्या ढाली आणि चषक मांडलेले आहेत. त्यांच्या खालच्या फळीवर एक लाकडी पात्र आहे. उंची सुमारे नऊ इंच, पोट फुगीर, आणि तोंड इतके अरुंद की मोठ्या माणसाची दोन-तीन बोटेच आत जावीत. एका अंगाला तांब्याच्या तारेचे चार टाके आहेत. खांद्याजवळ झाडाच्या सालीचा काळपट पट्टा जसाच्या तसा राखलेला आहे. स्नेहमेळाव्यास आलेले माजी विद्यार्थी चषकांकडे क्षणभर पाहतात आणि या पात्रापाशी थांबतात. हे कोठून आणले, कोणी भेट दिले, यात काय ठेवायचे, असे ते विचारतात. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने एखाद्या उपक्रमाविषयी लिहावे असे कळविले, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवणे आम्हांस उचित वाटले.

'पात्र' हा मराठीतील मोठा व्यापक शब्द आहे. भांडे ते पात्र, नदी वाहते ते पात्र, नाटकातील व्यक्ती तीही पात्र, आणि एखाद्या लाभास योग्य ठरलेला मनुष्यही पात्रच. पालीमध्ये भिक्षूच्या भिक्षापात्रास 'पत्त' म्हणतात; भिक्षूच्या मोजक्या मालमत्तेत चीवरांच्या बरोबरीने त्याचे स्थान आहे. हा शब्द आम्ही अनेक वर्षे वर्गात समजावून दिला. परंतु त्याचा खरा अर्थ विचारला तो नववीतील एका विद्यार्थ्याने. त्याचे आईवडील वीटभट्टीवर काम करणारे. दिवाळीनंतर भट्टीवर जायचे आणि पाऊस तोंडावर आला की गावी परतायचे, हे त्यांचे वर्षाचे चक्र. दोन कागदपत्रांवर वडिलांचे नाव निरनिराळ्या पद्धतीने लिहिले गेले होते, एवढ्या कारणावरून त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका कार्यालयातून परत आला. अर्जावर एकच शब्द उमटलेला होता : 'अपात्र'. तो कागद हातात धरून मुलाने विचारले, "सर, पात्र म्हणजे भांडे ना? मग अपात्र म्हणजे काय? ज्यात काहीच ठेवता येत नाही ते?"

त्या वेळी आम्ही त्यास अर्ज पुन्हा कसा भरावयाचा एवढेच सांगितले. प्रश्नाचे उत्तर देण्यास पुढे एक लाकूड कामास आले.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात शाळेच्या मागील कुंपणालगतचा जुना आंबा वादळात उन्मळून पडला. वखारवाल्याने सरळ बुंधा मोजून नेला. परंतु बुंध्याच्या खालच्या बाजूस माणसाला कवेत धरता येणार नाही एवढी एक गाठ होती, तिला त्याने हात लावला नाही. माणसाच्या मानेवर आवाळू यावे तशी ती खोडावर आलेली होती. गाठीचे लाकूड फळ्या पाडण्यास निरुपयोगी. त्यात करवत अडकते, रंधा धड चालत नाही, आत कोठे साल दडपलेली तर कोठे पोकळी. जळणाला घ्या, असे सांगून वखारवाला निघून गेला.

अशी गाठ झाडावर का येते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना समजावून सांगितले. घाव, बुरशी, कीड किंवा अन्य काही ताण यांमुळे खोडाच्या एखाद्या भागात वाढीचा क्रम बिघडतो. सालीखाली सुप्त असलेले असंख्य कोंब जागे होतात; परंतु त्यांना फांदी होऊन बाहेर पडता येत नाही. ते तेथल्या तेथे वाढत राहतात आणि वर्षानुवर्षे लाकडाचे थर त्यांच्याभोवती वळसे घेत जातात. सरळ लाकडाचे तंतू एका दिशेने धावतात. गाठीतील तंतू सर्व दिशांना वळलेले असतात. म्हणूनच ते लाकूड कापले असता त्यात डोळ्यांसारखी नक्षी दिसते. आणि म्हणूनच ते सहजासहजी एका रेषेत दुभंगतही नाही.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे या शहराचे नाव देशभर गेले. पण येथे राहणाऱ्यास भिवंडी आठवते ती मागांच्या खडखडाटावरून. धोट्याच्या मागाला कांडी लागते, आणि प्लास्टिक सर्वत्र येण्यापूर्वी ही कांडी लाकडाची असे. हेदूसारखे बारीक पोताचे लाकूड लेथवर कातून ती तयार करीत. मराठीत या कामास कातकाम आणि ते करणाऱ्यास कातारी असा जुना शब्द आहे. बिनधोट्याचे माग आले, प्लास्टिक आले, तशी लाकडी कांड्यांची मागणी आटली. असेच एक जुने कारागीर आमच्या परिचयाचे होते. तरुणपणी त्यांनी कांड्या कातल्या, पुढे लाटणी, रव्या, भोवरे आणि पाळण्याचे खूर कातले, आणि आता मुलाच्या घरी विश्रांती घेत होते. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, ते आम्हांस मास्तरसाहेब म्हणतात. गाठ पाहण्यास ते शाळेत आले. काठीने तिला चारही बाजूंनी ठोकून पाहिले, बराच वेळ कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "मास्तरसाहेब, हिच्यात भांडे आहे. निघेल की फुटेल, ते आत गेल्यावर कळेल."

त्यांचा बंद पडलेला लेथ दुरुस्त करून शाळेच्या मागील पडवीत बसवावा आणि इच्छुक विद्यार्थ्यांस कातकाम शिकवावे, असा प्रस्ताव आम्ही पालकसभेत मांडला. तेथे जे घडले ते या स्मरणिकेत नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण शाळेचा इतिहास जसा इमारतींचा, तसाच तो अशा सभांचाही असतो.

एका विद्यार्थिनीचे आजोबा उठले. ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या बापजाद्यांनी गावाची लाकडे फोडली. पाटलाच्या दारात फोडली, चावडीत फोडली, आणि मोबदला म्हणून शिळी भाकरी घेतली. बाबासाहेबांनी सांगितले म्हणून आम्ही ती कुऱ्हाड टाकली. नातीला वसतिगृहात ठेवले ते तिच्या हातात पेन यावे म्हणून. तुम्ही पुन्हा पटाशी का देता?"

सभा शांत झाली. हा आक्षेप वरवरचा नव्हता. त्यामागे आमच्या समाजाचा संपूर्ण इतिहास उभा होता. महार वतनाने माणसाला गावाच्या वेठीस बांधले होते. ते बंधन तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ती वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. शिक्षणासाठी मुलाला घरापासून दूर, गावाच्या हुकमापासून दूर ठेवावे लागते, हे ओळखून बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले. आपले वसतिगृह त्याच परंपरेतील आहे. हाताला काम शिकविणे हे श्रेष्ठ शिक्षण होय, असे ज्यांच्या हातांना कोणी कधी जबरदस्तीने काम लावले नाही त्यांनी म्हणणे सोपे आहे.

तथापि त्याच इतिहासाने आम्हांस दुसरीही एक गोष्ट शिकविली होती. 'जातिनिर्मूलना'विषयीच्या १९३६ मधील भाषणात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचा दोष कामाच्या विभागणीत दाखविला नाही. ही श्रमिकांची विभागणी आहे, तीही उच्चनीच पायऱ्यांची, आणि ती माणसाची आवड अथवा योग्यता पाहून ठरत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे प्रश्न पटाशीचा नाही. ती कोणाच्या हातात, कोणाच्या आज्ञेने आणि किती काळासाठी येते, हा प्रश्न आहे. जन्माने मिळालेले काम सोडता येत नाही. शिकलेले काम सोडता येते. ज्याला सोडण्याची मोकळीक आहे त्यानेच ते खऱ्या अर्थाने स्वीकारलेले असते.

दीड तासाच्या चर्चेनंतर सभेने तीन अटी घातल्या. कोणावरही सक्ती नसावी. चौदा वर्षांखालील मुलाने लेथजवळ जाऊ नये, आणि अभ्यासाचा एकही तास यासाठी खर्ची पडू नये. केवळ शनिवारची दुपार द्यावी. तयार झालेली कोणतीही वस्तू विकू नये, म्हणजे शाळेचा कारखाना होणार नाही. हे सर्व लिहून झाल्यावर तेच आजोबा पुन्हा उठले आणि त्यांनी चौथी अट घातली : "पोरांनी लाकडाचा हिशेब वहीत लिहावा. हात एकीकडे आणि वही एकीकडे ठेवाल, तर पुन्हा तेच होईल."

इतकी वर्षे इतिहास शिकवूनही जातिव्यवस्थेची इतकी नेमकी व्याख्या आम्हांस क्वचितच ऐकावयास मिळाली आहे.

काम सुरू झाले. ओली गाठ प्रथम कुऱ्हाडीने आणि करवतीने ओबडधोबड गोल केली, मग तिला स्क्रूंनी लेथच्या फेसप्लेटवर बसविले. गाठ सर्व बाजूंनी सारख्या वजनाची नसल्याने आरंभी लेथ अगदी संथ चालवावा लागे. वेग वाढविला की सारी पडवी हादरे. मुखावर जाड पारदर्शक पट्टा बांधल्याखेरीज चाचा कोणास आत येऊ देत नसत. त्यांचा पहिला धडा असा होता की फिरणाऱ्या गाठीच्या समोर उभे राहावयाचे नाही, बाजूस उभे राहावयाचे. कारण आत दडलेली साल किंवा चीर सुटली तर तुकडा समोर उडतो. दुसरा धडा पटाशी धरण्याचा. आधी तिचा दांडा टेकूवर टेकवावयाचा, मग धार लाकडाला लावावयाची. क्रम उलटला की लाकूड पटाशी हिसकावून घेते.

पहिल्या कातणीत भांडे पुरे करीत नाहीत. ओले लाकूड वाळताना आकसते, आणि ते सर्व दिशांना सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांना अनुसरून होणारा संकोच हा आरपार होणाऱ्या संकोचाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून भांड्याची भिंत व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवून ते वाळत ठेवतात, आणि वाकडे व्हावयाचे तेवढे होऊन गेल्यावर पुन्हा कातून गोल करतात. आमच्या भांड्याचा व्यास दहा इंच, म्हणून भिंत एक इंच ठेवली. ते त्याच्याच भुशात घालून कागदी पिशवीत बांधले आणि धान्याच्या कोठीत, वाऱ्यापासून दूर ठेवले. घाईने वाळविले तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि लाकूड तडकते.

चौथ्या अटीप्रमाणे वही सुरू झाली. दर शनिवारी भांड्याचे वजन करून ते वहीत लिहिण्याचे काम त्या नववीतील मुलाने आपण होऊन घेतले. पहिल्या दिवशीची नोंद ४ किलो १०० ग्रॅम अशी आहे. आरंभी वजन आठवड्यास शंभर-सव्वाशे ग्रॅमने घटे, मग पन्नासने, मग दहाने. मुलाने त्याचा आलेख काढला. वक्र उतरत उतरत आडवा होत गेला. गणिताच्या शिक्षकांनी तो आलेख वर्गात लावला. सात महिन्यांनी, सलग चार शनिवार २ किलो ७०० ग्रॅम हीच नोंद आली, तेव्हा लाकूड वाळले असे चाचांनी मान्य केले. वहीच्या शेवटच्या पानांवर त्याच मुलाने दुसरीही एक नोंद ठेवली होती. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या दिवशी, कोणत्या कागदांसह, कोठे दिला आणि काय उत्तर मिळाले, याची. प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा फेरी. लाकूड आणि अर्ज जवळजवळ एकाच महिन्यात मार्गी लागले. लाकडास लागणारा वेळ निसर्गनियमाचा होता. अर्जास लागलेल्या वेळेस तसे कोणतेही कारण नव्हते, हा भेदही त्याच्या ध्यानी आल्यावाचून राहिला नाही.

दुसरी कातणी अधिक अवघड. भांड्याचे तोंड लहान. आत हत्यार घातले की धार दिसत नाही. लांब दांड्याचे, टोकास वाकविलेले हत्यार आत फिरवावयाचे आणि कानाने पाहावयाचे. भिंत जाड असता आवाज भरीव येतो, पातळ होत जाईल तसा तो वर चढतो. दर काही क्षणांनी लेथ थांबवून आतला भुसा झटकावा लागतो, नाहीतर हत्यार त्यात अडकते. थांबल्यावर कॅलिपरने भिंत मोजावयाची : सहा सूत, पाच सूत, चार सूत. ज्या आजोबांनी आक्षेप घेतला त्यांचीच नात या कामात सर्वांत पुढे गेली. तिच्या हाती घाई नव्हती. लांब दांड्याची मागची बाजू चाचांनी धरावी आणि पुढे तिने धार चालवावी, असे कित्येक शनिवार चालले. भिंत तीन सुतांवर आली तेव्हा चाचा मागून केव्हा बाजूला झाले हे तिला समजले नाही.

लहान तोंडातून आत पोकळ करीत जाण्याची ही रीत आज जगभर नावाजली जाते. अमेरिकेतील डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकापासून वाकड्या हत्यारांनी अत्यंत पातळ भिंतीची अशी भांडी घडविली; मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या पितापुत्रांनी वखारींनी टाकून दिलेल्या गाठी आणि बुरशीने रंगलेले लाकूड मुद्दाम निवडले. अशी भांडी आता संग्रहालयांत असतात. आपल्याकडे सावंतवाडीचे कातारी लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवितात आणि केवड्याच्या पानाने त्यास झळाळी आणतात. परंतु इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस अधिक मागे जावेसे वाटते. सतिपट्ठान सुत्तात आनापानाचे विवरण करताना तथागतांनी उपमा घेतली आहे ती कातारीची. पालीत त्यास 'भमकार' म्हटले आहे. कुशल भमकार किंवा त्याचा शिकाऊ शिष्य लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जाणतो, आखूड ओढ घेताना ती आखूड आहे हे जाणतो. तसे साधकाने दीर्घ आणि ऱ्हस्व श्वास जाणावेत, असा त्या उपमेचा आशय आहे. त्या काळचा लेथ दोरी ओढून फिरवीत. ओढ हा शब्द त्यातूनच आला. ध्यानासारखा सूक्ष्म विषय समजावण्यास राजा किंवा पुरोहित न घेता कारागीर घेतला, आणि गुरूबरोबर शिकाऊ मुलासही स्थान दिले, हे आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही आवर्जून सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली आजही प्राचीन लाकडी कमानी आहेत, आणि तेथील एका लेखात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या वढकीचे, म्हणजे सुताराचे, नाव कोरलेले आहे. ज्या संस्कृतीने सुताराचे नाव दगडावर कोरले तिची परंपरा आपली आहे.

येथे एका चिकित्सक पालकांनी विचारले की भिक्षूंस लाकडी पात्र निषिद्ध आहे, मग बौद्ध संस्थेत ते कसे? हा प्रश्न आम्हांस फार आवडला. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ती हकीकत आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने मौल्यवान चंदनाचे पात्र करविले, ते उंच वेळूवर टांगले आणि ज्याच्या अंगी सिद्धी असेल त्याने ते काढून घ्यावे, असे आव्हान दिले. पिंडोल भारद्वाजाने ते आपल्या सिद्धीने काढले, असे कथा सांगते. उड्डाणाचा भाग आपण बाजूस ठेवू. बोध स्पष्ट आहे. भगवंतांनी पिंडोलाची कानउघाडणी केली, लोकांपुढे चमत्कार दाखविण्यास मनाई केली, ते पात्र फोडून त्याचे तुकडे भिक्षूंना लेपासाठी उगाळून वापरण्यास द्यावयास सांगितले, आणि भिक्षूंनी लाकडी पात्र बाळगू नये, लोखंडाचे किंवा मातीचे बाळगावे, असा नियम केला. किंमत आणि दिखावा ज्याच्या भोवती गोळा होतो ते पात्र भिक्षेचे उरत नाही, असा त्याचा आशय आम्ही समजतो. आमचे पात्र भिक्षापात्र नाही, ते विक्रीस नाही, आणि ते कपाटात खालच्या फळीवर आहे, तेही याच कारणास्तव.

कातणी संपत आली असता भांड्याच्या एका अंगावर चीर दिसली. आत दडलेल्या सालीपासून निघून ती खाली पोटाकडे गेली होती. काही मुलांचे म्हणणे पडले की रंगीत लुकण भरून ती झाकावी, म्हणजे कोणास दिसणार नाही. चाचांनी नकार दिला. चिरेच्या दोन्ही बाजूंस बारीक छिद्रे पाडून त्यांनी तांब्याच्या तारेचे चार टाके घातले. तेव्हा आम्हांस भिक्षूंच्या नियमांतील पात्राविषयीचा आणखी एक नियम आठवला आणि आम्ही तो मुलांस सांगितला. ज्या भिक्षूच्या पात्रास पाचांहून कमी ठिकाणी सांधलेले आहे, त्याने नवे पात्र मागून घेऊ नये. घेतल्यास ते संघापुढे ठेवावे लागते. संघातील भिक्षू आपापली पात्रे क्रमाने बदलून घेतात, आणि अखेरीस जे उरेल ते त्या भिक्षूस देऊन, फुटेपर्यंत हेच सांभाळ, असे सांगितले जाते. म्हणजे एक चीर, दोन चिरा, चार चिरा पडल्या तरी पात्र हे पात्रच. वहीवाल्या मुलाने टाके मोजले आणि म्हणाला, "चारच आहेत सर. म्हणजे हे पात्रच आहे." त्याच्या नववीतील प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच दिले होते.

सोपारा आपल्यापासून दूर नाही. २०१४ पर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील टेकाडात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले, तेव्हा तो स्तूप निघाला. त्यातील दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि अखेरीस सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे असल्याचे श्रद्धेने मानले जाई. शालेय सहलीत हे सांगताना आम्ही मुलांस एवढेच दाखवून देतो की पूर्वजांनी सोन्याच्या आत माती ठेवली, मातीच्या आत सोने नव्हे.

या उपक्रमाचा गौरव करताना एकदा एका पाहुण्या वक्त्यांनी सद्भावनेने म्हटले की आपली मुलेही या गाठीसारखीच आहेत. सदोष, जखमी, परंतु त्यांतूनच सौंदर्य निर्माण होते. टाळ्याही पडल्या. आम्ही मात्र त्या तुलनेशी सहमत नाही, आणि त्याचे कारण येथे नोंदवितो. झाडाने गाठ मागितलेली नसते. घाव बसला नसता तर ते सरळ वाढले असते आणि त्यास त्याचे काहीच दुःख झाले नसते. गाठीतील नक्षी सुंदर आहे हे खरे. पण म्हणून घावाचे गोडवे गाऊ लागलो तर घाव घालणाऱ्याचेच फावते. सदोष होते ते वखारीचे माप, ज्यात फक्त सरळ फळीस किंमत होती. सदोष होता तो कागद, ज्यावर नावातील एका अक्षरापायी 'अपात्र' उमटले. आमची मुले सदोष नाहीत. त्यांना आधी पुरेसे ऊन, पाणी आणि मोकळी जागा मिळावी, हे शाळेचे पहिले काम. आणि ज्यांना घाव बसून गेले आहेत त्यांच्या हाती योग्य हत्यार आणि पुरेसा वेळ देणे, हे दुसरे.

माजी विद्यार्थ्यांस पुढील वृत्तांत जाणण्याची उत्सुकता असेल म्हणून सांगतो. वही ठेवणारा तो मुलगा आज बारावीत विज्ञान शाखेत शिकतो आहे. लेथशी त्याचा आता काही संबंध उरलेला नाही, आणि त्यात आम्हांस पूर्ण समाधान आहे. आजोबांच्या नातीने दहावी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊन स्वतःच्या इच्छेने आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम निवडला. तिच्या तुकडीत ती एकटीच मुलगी आहे. ती लाकूड नव्हे, पोलाद कातते, आणि रेखाचित्र वाचून शतांश मिलिमीटरपर्यंत माप काढते. एकाने सोडले, एकीने धरले. दोघांनाही कोणी विचारले नाही की तुझ्या बापाचे काम काय. आमच्या मते उपक्रमाचे यश एवढेच, आणि ते पुरेसे आहे.

आजोबा गेल्या वर्षी निवर्तले. त्यांनी घातलेली चौथी अट मात्र पाळली जात आहे. पडवीतील लेथशेजारी खिळ्याला एक वही दोरीने बांधून टांगलेली असते, आणि ज्याने पटाशी हाती घेतली त्याने लेथ बंद करण्यापूर्वी त्या दिवसाची नोंद स्वतःच्या अक्षरात करावयाची असते. सध्या तिसरी वही चालू आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांस शनिवारची दुपार देता येईल त्यांनी अवश्य यावे. चाचांचे वय झाले आहे आणि शिकवणारे हात कमी पडत आहेत. येताना काही आणू नये. वहीत नाव लिहिण्यापुरते पेन शाळेत आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!